काठ नसलेला समुद्र

बिझर्त या बंदराच्या शहरात, बसथांब्यावर, त्या दुपारी पाऊस असा आडवा आला, की छपराखाली उभी असूनही दोर्साफ अर्धी भिजली. स्वतःची तिला पर्वा नव्हती. जीव अडकला होता बगलेतल्या गुंडाळीत... निळ्या क्रेप कागदाचे अकरा ताव! सोमवारी बालवाडीच्या भिंतीवर त्यांचा समुद्र व्हायचा होता. तिनं गुंडाळी छातीशी धरली, मग पाठीशी नेली, मग पुन्हा पुढे आणली. आणि शेजारून आवाज आला, "अहो—"

शेजारच्या तरुणाच्या पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत निळी झाली होती.

"अगं बाई! मला... मला दिसलंच नाही."

"मलाही नाही. मला वाटलं, आज पाऊसच निळा पडतोय."

"धुतल्यावर जाईल तो रंग."

"नक्की?"

दोर्साफनं क्षणभर विचार केला. "नाही... बहुतेक नाही जायचा."

तो खळखळून हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक होत. "तुम्ही प्रत्येक वाक्य तपासून बोलता का हो?"

"दोनदा. तरी चुकतंच."

त्यानं एका खांद्यावर टाकलेलं जाकीट काढून गुंडाळीभोवती लपेटलं. "मला थंडी वाजत नाही," असं म्हणताना त्याचे दात वाजत होते. तेवढ्यात बस आली, गर्दीनं दोर्साफला आत ढकललं, आणि जागेवर बसल्यावर तिच्या लक्षात आलं — जाकीट आपल्याच मांडीवर आहे. नाव विचारायचंही राहून गेलं होतं.

दोर्साफला बालवाडीत लागून तीनच महिने झाले होते. येत्या गुरुवारी शिक्षण खात्याच्या निरीक्षक बाई येणार होत्या. त्यांचा शेरा चांगला आला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. म्हणून आठवड्याचा विषय तिनं किती जपून आखला होता! भिंतीवर समुद्र, दोऱ्यानं लटकवलेल्या कागदी होड्या, मोजायला शिंपले, चव घ्यायला मीठ, नाचायला लाटांचं गाणं. प्रत्येक होडी तिनं स्वतः कापली होती. मुलांच्या हातून वाकड्या होतील, ही धास्ती.

सोमवारी सकाळी मुलं आत आली आणि "समुद्र! समुद्र!" म्हणून नाचायला लागली. फक्त साडेचार वर्षांची मैसम दारातच थिजली. तिनं भिंतीकडे पाहिलं, कानांवर हात ठेवले आणि सरळ टेबलाखाली जाऊन बसली. दोर्साफनं विनवलं, खजूर दाखवला, शेवटी स्वतःही टेबलाखाली शिरली. पोर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर आली नाही. माझंच काहीतरी चुकलं... पण काय?

दुपारी मैसमला न्यायला तिचा मामा आला. दोर्साफ बघतच राहिली. बसथांब्यावरचाच तो!

"म्हणजे त्या निळ्या कागदांचा समुद्र व्हायचा होता तर," तो म्हणाला. भाचीचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू विरलं. तिला अंगणातल्या झोक्यावर बसवून तो परत आला. "मी नौफल. गोदीत होड्या रंगवतो. बाई, हिच्या बापाची बोट गेल्या हिवाळ्यात इंजिन बंद पडून दोन दिवस समुद्रात भरकटली होती. माणूस सुखरूप आला, पण तेव्हापासून ही समुद्राकडे बघत नाही."

"मला कुणी सांगितलंच नाही हो!"

"आमच्या घरात कुणी बोलतच नाही त्याबद्दल." तो भिंतीजवळ गेला आणि बराच वेळ बघत राहिला. "सुंदर केलंय. पण खरं सांगू? तुमच्या समुद्राला काठच नाही. सगळ्या होड्या निघाल्यात. परत कुठं यायचं त्यांनी?"

दोर्साफनं त्याचं जाकीट त्याच्या हातात दिलं. आभार मानायचंही तिला सुचलं नाही.

मोठ्या बाई, म्हणजे बालवाडीच्या संचालिका मादाम झोहरा, ऐकून घ्यायला तयार नव्हत्या. "एका मुलीसाठी अख्खी भिंत बदलायची? आराखडा लिहून दिलाय तू. निरीक्षक बाई आराखड्यावर बोट ठेवूनच बघतात."

"हो, बाई," दोर्साफ म्हणाली. आणि मंगळवारी सकाळी तिनं भिंत बदलायला घेतली.

नौफल भाचीला सोडायला आला तो एक जाड दोरखंड, बुचं आणि रंगांचे उरलेसुरले डबे घेऊनच.

"कामावर नाही जायचं?"

"पावसात रंग वाळत नाही. तुम्ही हाकलून द्याल तेव्हा जाईन."

समुद्राच्या खाली मुलांनी गोंद लावून खरी वाळू चिकटवली. धक्का झाला, दीपस्तंभ झाला. धक्क्यावर पाव विकणारी एक बाई झाली, तिला एकाच बाजूला तीन डोळे होते. दोर्साफचा हात आपोआप कात्रीकडे गेला.

"राहू द्या की," नौफल हळूच म्हणाला. "तिला सुटे पैसे नीट मोजता येतील."

"निरीक्षक बाई काय म्हणतील?"

"त्या म्हणतील... या बालवाडीतल्या बाई काळजी करताना फार गोड दिसतात."

"हे त्या म्हणतील?"

"त्या नाही म्हणाल्या, तर मी म्हणेन."

दोर्साफचे कान तापले. ती घाईघाईनं बुचं मोजायला लागली, आणि सातानंतर पुन्हा पाच म्हणाली. मुलं हसली. त्याच हशात टेबलाखालून मैसमचं डोकं बाहेर आलं. मामा खुंट्याला होडी कशी बांधायची ते दाखवत होता — एक वेढा, दुसरा वेढा, खालून ओढ. मैसम रांगत आली. तिनं एक कागदी होडी दोऱ्यावरून ओढून काढली, धक्क्याला लावली आणि गाठ मारली. मग दुसरी. दोर्साफनं नौफलकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता, आणि या वेळी हसत नव्हता.

बुधवारी वारा सुटला. मैसमला न्यायला आजी आली. दोर्साफनं शक्य तितक्या सहज विचारलं, "आज... मामा नाही आले?"

"जावयाच्या बोटीवरचा एक गडी आजारी पडला. नौफल गेलाय बदली. सकाळपर्यंत येतील म्हणे, इन्शाल्ला." आजीनं आकाशाकडे पाहिलं आणि शाल घट्ट ओढून घेतली.

त्याचा फोन नंबरही दोर्साफकडे नव्हता. मागायचं धाडसच झालं नव्हतं. आणि असता तरी काय म्हणणार होती? मी तुमची कोण?

गुरुवारी सकाळीही खिडक्यांची तावदानं थडथडत होती. निरीक्षक बाई वही उघडून बसल्या. दोर्साफ लाटांचं गाणं म्हणवून घेत होती, बुचं मोजवून घेत होती, पण कान रस्त्याकडे लागले होते. मैसमनं येऊन तिचा झगा धरला.

"बाई, बाबा आणि मामा आले?"

दोर्साफ गुडघ्यांवर बसली. खोटं बोलवेना. "अजून नाही, राणी. मीही वाट बघतेय. आपण दोघी मिळून बघू."

"आराखड्यात बंदर दिसत नाही," निरीक्षक बाई म्हणाल्या. शेजारी उभ्या मादाम झोहरांनी डोळे मिटले.

"नाही, बाई. मी बदललं." दोर्साफ म्हणाली. "माझ्या वर्गात एका मुलीला नुसत्या समुद्राची भीती वाटत होती. मला आधी कळायला हवं होतं."

निरीक्षक बाई उठून भिंतीपाशी गेल्या. तिथं मैसम एकेक गाठ ओढून बघत होती.

"हे काय करतेस ग?"

"घट्ट आहे का बघते. ही माझ्या बाबांची. ही मामाची. वारा आला तरी सुटत नाही. तुम्हाला येते गाठ?"

"नाही बाई."

"बसा मग," मैसम म्हणाली. आणि निरीक्षक बाई चक्क खाली फरशीवर बसल्या.

जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, "बदल केला की लिहून ठेवत जा. कळवू आम्ही." चांगलं की वाईट, काही कळेना. पण दोर्साफला त्याचं काहीच वाटेना, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

दुपारी फाटक वाजलं. दारात मैसमचे बाबा उभे होते. मैसम धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मागे नौफल होता. ओठ फुटलेले, केसांत मीठ, डोळे लाल. "रात्रभर भूशिराच्या आडोशाला थांबलो होतो," तो म्हणाला. "काळजीचं काही—"

"काळजीचं नाही? सांगून जाता येत नव्हतं? आजीकडून कळावं मला? मी सकाळपासून बुचं मोजतेय, आणि एकदाही दहापर्यंत..."

नौफल पायरी चढून जवळ आला. "कुणाकुणाला सांगून जावं माणसानं?"

"घरच्यांना."

शब्द तोंडातून निसटला होता. या वेळी तो तपासायचा राहिलाच. तिनं मान खाली घातली. आता हा हसेल...

तो हसला नाही. "मग उद्या शुक्रवार आहे," तो अगदी हळू म्हणाला. "आईला घेऊन तुझ्या घरी येतो. आधीच सांगून ठेवतोय."

"किती वाजता?" दोर्साफनं विचारलं.