सत्तेचाळिसावा चेंडू

सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी केतकी म्हेत्रे उठली. नागपूरच्या हॉटेलच्या खिडकीबाहेर नुकतेच उजाडत होते. तिने उजव्या हाताची बोटे कोमट पाण्याच्या मगात पाच मिनिटे बुडवून ठेवली, पुसली, अंगठ्याच्या कडेच्या घट्ट्यावर बारीक कानस फिरवली. सव्वासहाला दोन उकडलेली अंडी आणि अर्धी वाटी पोहे खाल्ले. पावणेसातला ती सरावाच्या मैदानावर पोहोचली, तेव्हा जाळीत केतकी म्हेत्रे अर्ध्या तासापासून गोलंदाजी करत होती.

जाळीतल्या त्या केतकीचे अधिकृत नाव ‘प्रतिगोलंदाज’ असे होते. खेळाडू तिला सावली म्हणत. पातळ पारदर्शक पडद्यावर तिची आकृती धावत येई आणि हात वर जाताक्षणी पडद्यामागच्या यंत्रातून खरा चेंडू सुटे. वेग तोच, फिरकी तेवढीच, शिवणही त्याच कोनात. सामन्यांतल्या बत्तीस कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून अशी सावली तयार होई आणि नियमाप्रमाणे ती दोन दिवसांत सर्व देशांच्या संघांना मिळे. फलंदाज तिला रोज शंभर-दोनशे चेंडू खेळत. सावलीचा खांदा कधी दुखत नसे.

एकोणिसाव्या वर्षी, पहिल्याच आंतरराष्ट्रीय मालिकेत, केतकीने सतरा बळी घेतले होते. चेंडू सोडता सोडता ती अंगठ्याने त्याला एक शेवटचा पीळ देई आणि तो कोणाला दिसत नसे. हा पीळ इचलकरंजीचा होता. तिची आई वहिफणीचे काम करी: मागावरचा बीम, म्हणजे धाग्यांचा रूळ, संपत आला, की त्याचा एकेक धागा नव्या बीमच्या धाग्याला चिमटीत पिळून जोडायचा, दिवसभरात हजारो वेळा. आईशेजारी बसून केतकीच्या बोटांनी तो पीळ उचलला होता. दुसऱ्या मालिकेत मात्र पाचच बळी मिळाले. तिसरीच्या पहिल्या दोन सामन्यांत एकही नाही. समोरच्या फलंदाजांच्या चेहऱ्यावर आता तिला भीती दिसत नसे, रागही नसे, कंटाळा दिसे. आजचा तिसरा सामनाही तसाच गेला तर संघातली जागा जाणार, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरज उरली नव्हती.

तिची सारी भिस्त एका नव्या चेंडूवर होती. चार महिने, हॉटेलांच्या खोल्यांत पडदे ओढून, भिंतीला गादी उभी करून तिने तो घडवला होता. आज तो तिने फक्त हेरंब सरांना, संघाच्या पृथक्करणतज्ज्ञांना, दाखवायचे ठरवले.

“सर, आधी कॅमेरे बंद करा.”

त्यांनी ते बंद केले. केतकीने चेंडू टाकला. टप्पा पडेपर्यंत तो बाहेर जाणारा वाटला आणि मग आत वळून मधल्या यष्टीवर आदळला. सरांनी टॅबलेट हातात घेतला.

“सुरेख आहे,” ते म्हणाले. “सत्तेचाळीस.”

“सत्तेचाळीस काय?”

त्यांनी टॅबलेटवर बोट फिरवले. पडद्यावरची सावली धावत आली आणि तिने तोच चेंडू टाकला. टप्पा तोच, वळणही तेच.

“टाकलेले चेंडू साठवणं हे सावलीचं जुनं काम झालं,” सर म्हणाले. “आता ती तुझे सांधे, स्नायू, सवयी बघते आणि पुढे तू काय शोधशील त्याचा अंदाज बांधते. हा त्या अंदाजांतला सत्तेचाळिसावा चेंडू. ती तो एप्रिलपासून टाकतेय. त्यांच्याकडेही.”

“एप्रिलमध्ये मला तो सुचलाही नव्हता.”

“माहीत आहे.”

“असे एकूण किती आहेत?”

“एकसष्ट.” त्यांनी टॅबलेट पालथा ठेवला. “पुढचे बघू नकोस, केतकी.”

सामन्याआधी फोन जमा करावे लागत. त्यापूर्वी तिने घरी फोन लावला.

“काय गं, खाल्लंस का?”

“खाल्लं. आई, धागे जोडायचं मशिन आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? घरात बसलो. महिनाभर टीव्ही बघितला, तर त्यातबी तूच.” आई हसली. “मग शेठचा फोन आला. मशिनला सरळ बीम लागतोय. गुंतलेला, बिघडलेला आला की ते येड्यागत नुसतं उभं राहतंय. तेवढ्यापुरतं आम्हाला बोलवत्यात. महिन्यातनं चार दिवस.”

“चारच?”

“आता तीन. तेबी शिकायलंय की.”

दुपारी कर्णधार इरावतीने तिच्याकडे चेंडू दिला, तेव्हा पाहुण्या संघाच्या बिनबाद एकशे बासष्ट धावा झाल्या होत्या. केतकीने पहिल्या षटकात सत्तेचाळिसावा चेंडू टाकून पाहिला. फलंदाजाने तो मागे सरकून सावकाश, जवळजवळ अदबीने, सीमापार धाडला.

पुढच्या षटकाआधी केतकी खुणेवर उभी राहिली. तिच्यात सरळ, सलग आणि मोजता येण्याजोगे जे काही होते, ते सगळे उजव्या हातात होते. तिने चेंडू डाव्या हातात घेतला.

इरावती धावत आली. “हे काय चाललंय?”

“एक षटक. मग काढ मला.”

“डाव्या हातानं कधी टाकलायस?”

“नाही.”

इरावतीने धावफलकाकडे पाहिले. “तशीही वाटच लागलीय,” ती म्हणाली आणि क्षेत्ररक्षण बदलायला गेली.

हात बदलला की पंचांना सांगावे लागते. केतकीने सांगितले, “डावा हात. ओव्हर द विकेट.” पंचांनी तिला पुन्हा विचारले आणि मग फलंदाजाला कळवले. फलंदाजाने थांबण्याची खूण केली, आपल्या संघाच्या कक्षाकडे पाहिले. तिथे टॅबलेटवर वाकलेल्या माणसाने नकारार्थी मान हलवली. मग फलंदाजाने प्रथमच, अगदी निरखून, केतकीच्या हाताकडे पाहिले.

सावलीला हा हात ओळखायला किती चेंडू पुरतील? सहा? की एवढेही लागणार नाहीत? बत्तीसही कॅमेरे चालूच होते.

ती धावत आली. चेंडू यष्ट्यांपासून हातभर लांब पडला आणि पंचांनी दोन्ही हात पसरले. कोणीतरी हसले. केतकी खुणेकडे परतली आणि डावा तळवा पँटला पुसून पुन्हा धावू लागली.