शून्य घरांची आगवाट

"वळणयंत्राला आग दिसते, वारा दिसतो, पाचोळ्याची जाडीसुद्धा दिसते. फक्त घर ओळखता येत नाही. म्हणून तर तुला बोलावलं," केंद्रप्रमुख डॉ. इंदुमती वरखेडे म्हणाल्या.

नववीतल्या जैवंती उईकेचे कान कौतुकाने गरम झाले. वळणकेंद्राच्या त्या गार खोलीत भिंतीएवढा पडदा होता आणि त्यावर भिवगड पहाडी तीन दिवसांपासून जळत होती. पायथ्याशी चिंचबोडी शहर होतं. चौदा हजार घरं.

"विझवत का नाही जी?" तिने विचारलं.

पडद्यासमोर बसलेला यंत्रचालक हेमराज हसला. "एवढ्या वणव्याला पाणी कुठून आणतेस? इथे आग विझवत नाही, वळवतात."

मग मॅडमनी नीट समजावलं. आगपाखरं म्हणजे मुठीएवढी उडती यंत्रं. ती वणव्याच्या पुढे जाऊन ज्वाळागोळ्या टाकतात आणि जंगलाचा एक पट्टा आधीच जाळून ठेवतात. ही झाली प्रतिआग. मोठा वणवा तिथे पोचला की त्याला खायला काही उरत नाही. मग तो जिकडे खायला आहे तिकडे वळतो.

"म्हणजे तो कुठेतरी जाणारच?"

"जाणारच. कुठे, एवढंच ठरवायचं. ज्या बाजूला सगळ्यांत कमी घरं, ती आगवाट यंत्र निवडतं."

पण आकाशातून पाहिलं की झाडाखालचं घर, गोठा आणि तणसाचा ढीग सारखेच दिसतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी गृहखूण मोहीम निघाली. चाळीस निवासी शाळांतल्या मुलींनी आपापल्या गावचा भाग नकाशात भरायचा. नियम एकच : जिथे माणूस झोपतो, ते घर. प्रत्येक खुणेवर ती करणारीचं नाव दिसे. जैवंतीच्या खुणा सगळ्यांत जास्त भरल्या, दोन हजार तीनशे बारा. त्यासाठीच आज सत्कार होता. वणवा भडकल्यामुळे हार-बीर राहिला, पण तिला खुर्ची मात्र अगदी पडद्यासमोर मिळाली.

यंत्राने घंटी दिली. "आगवाट ठरली. उत्तर उतार. घरं शून्य. प्रतिआग चाळीस मिनिटांत."

"झकास," हेमराज म्हणाला. "शून्य म्हणजे डोक्याला ताप नाही."

जैवंतीने पडद्यावर उत्तर उतार शोधला.

मार्च होता. मोहाचा हंगाम. फुलं पहाटे गळतात आणि उशीर झाला तर हरणं, अस्वलं खाऊन जातात. म्हणून तिचं सालेगाव या दिवसांत उत्तर उतारावर राहायला जातं. ज्याची त्याची झाडं ठरलेली. झाडाशेजारी फांद्यांची खोप बांधायची आणि महिनाभर तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. माय, बाबा, आजा आत्ता तिथेच होते.

अडतीस खोपी. त्या नकाशात भरायला ती विसरली नव्हती.

नकाशा भरताना होस्टेलवर शेजारी अश्विनी बसली होती. ती म्हणाली होती, "मोहवाले म्हणजे दारूवाले ग. त्यांच्या कपड्यांना पण वास येते." यावर जैवंती हसली होती. नुसती हसली नव्हती, सगळ्यांत आधी हसली होती. मग सालेगावची घरं तिने एकूण एक भरली, देवळामागची चौकीदाराची खोलीसुद्धा. आणि उत्तर उतारासमोर शून्य लिहिलं. तिथे खूण केली असती तर मोहाच्या खोपीवर नाव उमटलं असतं, उईके.

"मॅडम, तिकडून नको ना," ती म्हणाली. "तिकडे अस्वलं असतात. पिल्लं असतील."

"अस्वलं पळतात, बाळ."

"मोर पण आहेत."

"मोर तर उडतात ना बाप्पा," हेमराज म्हणाला.

चौतीस मिनिटं उरली. आपण मायला वाचवायला मोराला पुढे करतोय, हे कळून तिला स्वतःची किळस आली.

"तिकडे खोपी आहेत जी."

"कुणाच्या?"

"लोकांच्या."

"नकाशात तर शून्य आहे. नोंद कुणाची आहे, हेमराज?"

हेमराजने बोटाने वर सरकवत वाचलं आणि त्याचा आवाज खाली आला. "जैवंती उईके."

"आमच्याच आहेत," जैवंती आपल्या चपलांकडे बघत म्हणाली. "आम्ही मोह वेचतो. माझी माय आहे तिथे."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती?"

"अडतीस."

तिने एकेक खूण स्वतः केली. अडतीस वेळा तिचं नाव भिंतीवर उमटलं. यंत्र थोडं थांबलं. मग म्हणालं, "नवी आगवाट. पूर्व दरी. घरं शून्य."

हेमराजने सुस्कारा सोडला. मॅडमनी नाही सोडला.

"पूर्व दरीत मोह आहे?"

"मोह सगळीकडे आहे जी."

"मग तिथल्या खुणा करणाऱ्या मुलीनेही..."

पूर्व दरीच्या खुणा सोनालीने केल्या होत्या. ती जैवंतीच्याच होस्टेलवर होती. अश्विनीच्या त्या वाक्यावर सोनालीही हसली होती. दुसऱ्या नंबरवर.

चाळीस शाळांचा एक ग्रुप होता. जैवंतीने फोन उघडला आणि लिहिलं : "मी आमच्या खोपी टाकल्या नव्हत्या. लाज वाटली म्हणून. तुमच्या राहिल्या असतील तर आत्ता टाका. आग त्यांच्याकडे वळवून राहिले."

तिला वाटलं, आता सगळ्या हसत असतील. मग पूर्व दरीत एक ठिपका लागला. मग सात. मग पश्चिमेला, मग नाल्याच्या काठाने, गोवर उठावा तसे. हेमराज खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मोकळी दिशा नाही," यंत्र म्हणालं.

"हे असं कधीच नाही म्हणालं," तो पुटपुटला. "बिघडलं काय?"

"आज पहिल्यांदा याला खरा नकाशा मिळाला," मॅडम म्हणाल्या. "प्रतिआग रद्द कर. चिंचबोडीला रस्ते आहेत, टँकर आहेत, तिथली माणसं दोन तासांत हलवता येतील. डोंगरातली कशी हलवायची?"

"हलवायचं कशाला?" जैवंती बोलून गेली. "मोहाखाली उभं राहायचं. हंगामाआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात ना, फुलं दिसावीत म्हणून. तिथे आगीला खायला काहीच नाही. तुमच्या पट्ट्यासारखंच."

तो 'अडाणी जाळपोळीचा प्रकार' बंद करा, असं मॅडमनी स्वतः दोन अहवालांत लिहिलं होतं.

"आगपाखरांना भोंगा आहे," त्या म्हणाल्या. "तू बोल."

जैवंती भोंग्यात गोंडीत बोलली. होस्टेलवर ती दोन वर्षांत कधी गोंडी बोलली नव्हती. आधी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, मग काय करायचं ते सांगितलं. पाखरं झाडांच्या उंचीला उतरली तसे पडद्यावर माणसांचे पांढरे ठिपके दिसले, हलले आणि झाडाझाडाखाली गोळा झाले. वणवा आला, त्या काळ्या गोलांना वळसा घालून पुढे गेला. खोपी जळाल्या. पांढरा ठिपका एकही विझला नाही. संध्याकाळपर्यंत चिंचबोडीच्या कडेची अकरा घरं गेली, सगळी रिकामी केलेली.

जैवंती रडली. हेमराजने चहा आणून दिला. "आता काहून रडतेस? जिंकलीस ना."

तेवढ्यात ग्रुपवर आणखी एक मेसेज आला. दक्षिण दरीतली लीना कोरेत. गेल्या वर्षी शाळा सोडून गेलेली. जैवंतीने तो मोठ्याने वाचला.

"गेल्या वर्षीची खोप पण टाकायची का? आमची आता नाही. जळाली."

हेमराजने न विचारता गेल्या वर्षीची आगवाट उघडली. दक्षिण दरी. घरं शून्य. यश शंभर टक्के.

लीनाच्या खोपीला आग दारूच्या भट्टीने लागली, असं सगळे म्हणायचे. तिच्या बापावर वणवा लावल्याची केस झाली होती. होस्टेलवर ती भट्टीची गोष्ट जैवंतीनेच रंगवून सांगितली होती, हातवारे करून.

"नंबर लाव," मॅडम म्हणाल्या.

रिंग वाजली. लीनाने फोन उचलला.

"बाळ, मी वळणकेंद्रातून बोलते," मॅडम म्हणाल्या. " तुमच्याकडे लागली ती आग भट्टीची नव्हती."

"माहीत आहे जी," लीना शांतपणे म्हणाली. "पाखरं आमच्या डोक्यावरच होती. गोळ्या पडताना बघितल्या आम्ही."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"सांगितलं ना. जैवंतीला सांगितलं होतं."