रिकाम्या ट्रकचं वजन

उदय आठल्येनं लष्कराच्या लिलावातून ट्रक घेतला, तेव्हा टाउनशिपमधली निम्मी माणसं तो बघायला आली होती. भोपाळच्या त्या मोठ्या कारखान्यात उदय टर्बाइनच्या विभागात इंजिनिअर होता. माणूस शांत, मोजकं बोलणारा. पण यंत्र दिसलं की त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकायचे. जबलपूरहून तो स्वतः ट्रक चालवत घेऊन आला आणि क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत, लिंबाच्या झाडाखाली उभा केला. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आज जिथे अयोध्या नगर वसलंय, तिथे तेव्हा गव्हाची शेतं होती, आणि संध्याकाळी तिकडून कोल्हेकुई ऐकू यायची.

“हे धूड इथेच राहणार?” त्याची बायको कांचन ओट्यापाशी उभं राहून म्हणाली.

“अगं, दुरुस्त करून बघ कसा होतो. मागे झोपायच्या फळ्या बसवीन, स्टोव्हला जागा करीन. उन्हाळ्यात पचमढीला जाऊ, पुढच्या वर्षी थेट काश्मीर.”

“आणि तोवर मी धुणं कुठे वाळत घालू?”

पण ती हसत होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि नवऱ्याच्या वेडाचं तिला कौतुक होतं.

रविवारची दुपार म्हणजे ट्रक, असं ठरून गेलं. उदयच्या जोडीला श्याम बक्षी असायचा. श्याम त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होता, दोन ओळी पलीकडे राहायचा. मूळचा ग्वाल्हेरचा, मराठीत अर्धी हिंदी मिसळून बोलणारा, मोठ्यांदा हसणारा. दोघांनी मिळून इंजिन खोललं, धुतलं, जोडलं. जुनी वायरिंग काढून नवी टाकली. ब्रेक बदलले. ड्रायव्हरच्या सीटखाली नवा फोम आला. हिरव्या रंगाचे थर खरवडले की खाली आणखी हिरवा रंग निघायचा. ट्रकला एक वास होता. डिझेलचा नव्हे, ताडपत्रीचाही नव्हे. ओल्या लोकरीचा वास. पावसात भिजलेली कांबळी बंद खोलीत ठेवल्यावर येतो तसा. फिनेलनं धुतलं, उन्हात उघडा ठेवला, तरी तो जाईना.

पहिली विचित्र गोष्ट श्यामच्या लक्षात आली.

“अरे यार, हा मागून बसलाय का?”

उदयनं वाकून पाहिलं. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जवळजवळ सपाट झाले होते. माल भरल्यावर होतात तसे. ट्रक तर रिकामा होता.

“जुने आहेत, थकलेत,” उदय म्हणाला.

त्यांनी पाटे बदलले. नव्या पाट्यांवर ट्रकची मागची बाजू दिमाखात वर उचलली गेली, आणि दोघांनी समाधानानं चहा घेतला. पुढच्या रविवारी पाहतात, तर ट्रक पुन्हा खाली बसलेला. उदयनं चासी तपासली, पाटे कुणी बदलले तर नाहीत ना म्हणून खुणा पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग बिघडलं काय? यंत्राचं दुखणं कळत नाही, ही अवस्था उदयला नवीन होती. जेवताना तो कांचनशी धड बोलेना. भातात बोटं फिरवत तो मनातल्या मनात हिशेब मांडत राहायचा, आणि हिशेब लागायचा नाही.

डिसेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी त्यानं ट्रक एकट्यानंच रायसेनच्या रस्त्याला काढला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी चढाला कण्हत होती, रिकामी गाडी कण्हते तशी नव्हे. तेवढ्यात केबिनच्या पाठीमागच्या पत्र्यावर थाप पडली.

एकच. उघड्या पंज्याची.

ट्रकमध्ये मागे बसलेली माणसं ड्रायव्हरला अशीच खूण करतात. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. उदयचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. तो उतरला, मागे गेला, ताडपत्री वर केली. आत फळ्या, एक दोरखंड आणि ओल्या लोकरीचा वास. बस्स.

काहीतरी सैल झालं असेल, तो स्वतःला म्हणाला, आणि केबिनमध्ये येऊन बसला. इंजिन चालूच होतं. त्यानं गिअरला हात लावायच्या आत मागून दोन थापा पडल्या.

परतताना त्यानं गाडी सरळ ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर नेली. काटेवाला म्हातारा चादर गुंडाळून आत बसला होता. त्यानं लोखंडी दांडीवरचं वजन सरकवलं, आणखी सरकवलं, आणि मान वर न करता म्हणाला, “पहले आदमी उतार लो साहब, फिर तौलो.”

“कौन आदमी? गाडी खाली है.”

म्हाताऱ्यानं खिडकीतून ट्रककडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं वजनाचा आकडा सांगितला आणि खिडकी ओढून घेतली. ट्रक जितका असायला हवा होता, त्याहून पावणेदोन टन जास्त भरला होता.

हे उदयनं कांचनला सांगितलं नाही. श्यामला सांगितलं. श्याम खो खो हसला.

“काय बात करतो! पुढच्या रविवारी मी मागे बसतो. बघू दे मला कोण ठोकून राहिलाय ते.”

त्या रविवारीही धुकं होतं. श्यामनं कानटोपी घातली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि उडी मारून मागे चढला. उदयनं मागचा फाळका वर करून लावला, खिट्टी घातली. ताडपत्रीच्या फटीतून श्यामनं हात हलवला.

गाव मागे पडलं. उदयचं सगळं लक्ष पाठीमागच्या पत्र्याकडे होतं. सुरुवातीला श्यामचं हिंदी गाणं ऐकू येत होतं, बेसूर, मोठ्यांदा. मग ते मध्येच थांबलं. ओळ पुरी न होता.

एक थाप पडली.

उदय धावतच मागे गेला. ताडपत्री आतून वर झाली आणि श्याम खाली उतरला. चेहरा नेहमीसारखाच होता. घाबरलेला नाही, काही नाही. तो पाय झटकत होता.

“काय झालं? थाप तू मारलीस?”

“नाही.”

“मग कोणी? तू बसला होतास कुठे?”

“बसायला जागा कुठे होती?” श्याम सहज म्हणाला. “उभ्यानंच आलो की.”

“श्याम... काय म्हणालास?”

“काय म्हणालो?”

“जागा नव्हती म्हणालास.”

“मी? काहीतरीच काय. रिकामा तर आहे ट्रक.” श्याम खरोखरच गोंधळून त्याच्याकडे पाहत होता. त्याच्या मफलरवर, खांद्यांवर, दोन्ही बाजूंना ओल उमटली होती. गर्दीत भिजलेल्या माणसांच्या मध्ये उभं राहिल्यावर उमटते तशी. “चल ना यार, थंडी वाजून राहिली. मी पुढे बसतो.”

तो केबिनमध्ये येऊन बसला. मागून दोन थापा पडल्या. या वेळी त्या दोघांनीही ऐकल्या.

उदयनं गाडी चालू केली. परत वळावं, असं त्याला वाटत होतं. पण हात वळेनात. भीती म्हणावी तर भीती नव्हती. बसमध्ये कंडक्टरनं घंटी दिल्यावर ड्रायव्हर निघतो, तसा तो निघाला होता. धुक्यात रस्ता हातभर दिसत होता. श्याम समोर बघत होता, आणि मधूनच अंग चोरून सरकत होता. त्याच्या दाराच्या बाजूला मोकळी जागा असताना.

बऱ्याच वेळानं एक थाप पडली. उदय थांबला. उजवीकडे उघडं माळरान असावं, धुक्यात काही कळत नव्हतं. मागे फाळक्याची खिट्टी निघाल्याचा आवाज आला, आणि फाळका धाडकन खाली पडला. मग ट्रक हलायला लागला. थोडासा वर. थांबून पुन्हा थोडासा वर. जणू एकेक माणूस उतरत होता. पाटे कुरकुरत मोकळे होत होते. बाहेर ना पावलांचा आवाज, ना बोलण्याचा. केबिनमधला तो ओल्या लोकरीचा वास मात्र नाहीसा होत गेला, आणि त्याच्या जागी शेताचा, मातीचा वास आला.

शेवटी गाडी स्थिर झाली. श्यामनं एक दीर्घ श्वास सोडला.

“गेले,” तो म्हणाला. कोण, ते उदयनं विचारलं नाही.

येताना ट्रक नुसता उडत होता. घरी आल्यावर उदयनं कांचनला सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. आपला नवरा थापा मारणारा नाही, हे तिला ठाऊक होतं.

“गेले ना? मग आता हाही जाऊ दे,” ती म्हणाली. “अहो, मला पचमढी नको नि काश्मीर नको. उद्याच्या उद्या हा इथून हलवा.”

उदयला वाईट वाटलं. इतक्या रविवारांची मेहनत होती. पण त्यानं भंगारवाल्याला बोलावलं, आणि गॅस कटरनं ट्रकचे तुकडे होताना तो शेवटपर्यंत उभा राहिला. चासी कापली, केबिन कापली, पाटे वेगळे गेले. लिंबाखाली तेलाचा काळा डाग तेवढा उरला. कांचननं तिथे दोरी बांधली आणि धुणं वाळत घातलं.

थंडी सरत आली होती, तेव्हाची गोष्ट. उदय कारखान्याच्या जीपमधून कामासाठी रायसेनच्या पुढे गेला होता. परतताना दुपारी ड्रायव्हरनं चहासाठी जीप थांबवली. एक गवती छप्पर, मातीची भट्टी, दोन बाकं. समोर माळरान पसरलेलं. जागा ओळखीची वाटावी असं त्यात काही नव्हतं. चहावाल्यानं ग्लास पुढे केला आणि उदयचा चेहरा निरखला.

“साहब, वो फौजी ट्रक आपही का था ना? कोहरे में आया था?”

उदयनं ग्लास बाकावर ठेवला.

“आपके आदमी रोज पूछते हैं,” चहावाला भट्टीत लाकूड सारत म्हणाला. “गाडी कब लौटेगी?”

“कौन... कहाँ हैं?”

“यहीं रहते हैं, उधर. सवेरे आ जाते हैं. चाय नहीं पीते. बस भट्टी के पास खडे रहते हैं.” तो जरा थांबला. “फिर आग पकडती नहीं, साहब. ले जाइए उनको.”

उदयला सांगायचं होतं की माझी कोणी माणसं नाहीत. ट्रक उरलेलाच नाही, त्याचे तुकडे मी स्वतः पाहिलेत. हे सगळं त्याच्या ओठांवर होतं. आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, “बोल देना, कल सुबह आएगी.”

असं का म्हणालो, हे त्याला तेव्हाही कळलं नाही, पुढे कधीही कळलं नाही. घरी येऊन तो न जेवता झोपला. कांचननं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

उजाडता उजाडता दार वाजलं. उदयनं उघडलं. दारात श्यामची बायको प्रमिला उभी होती. केस विसकटलेले, अंगावर शाल कशीतरी ओढलेली. तिनं उदयला पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

“तुम्ही... इतक्यात परत आलात? आणि हे कुठे आहेत?”

“कोण, श्याम? मला काय माहीत, वहिनी? मी आत्ताच उठतोय.”

“असं काय करता भाऊजी?” तिचा आवाज कापत होता. “पहाटे दाराशी ट्रक आला. हॉर्न वाजला. हे झोपेतून उठले, म्हणाले, उदय आलाय, जायला हवं. चपलासुद्धा घातल्या नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. हे मागे चढले. आतून कोणीतरी हात दिला त्यांना.”

“वहिनी, ट्रक राहिलेला नाही. तुम्हाला माहीत आहे. आणि चालवणारा कोण होता?”

प्रमिला त्याच्याकडे पाहत राहिली.

“तुम्हीच तर होतात,” ती म्हणाली. “मला हात केलात.”

श्याम परत आला नाही. पोलिसांत तक्रार झाली, माळरान पालथं घातलं, ग्वाल्हेरला माणसं पाठवली. चहाच्या टपरीच्या जागी थंड भट्टी सापडली. चहावाला गाव सोडून गेला होता. प्रमिलानं आपली जबानी कधी बदलली नाही. कांचननंही नाही. माझे यजमान रात्रभर माझ्या शेजारी झोपले होते, कुठेही गेले नव्हते, असं तिनं फौजदाराच्या नजरेला नजर देऊन सांगितलं. तिच्या त्या बोलण्यावर उदय सुटला. त्यालाही तेच आठवतं. गाढ झोप, दुसरं काही नाही.

फक्त त्या दिवसापासून कांचन रात्री दाराला आतून कुलूप लावते. किल्ली ती कुठे ठेवते, हे उदयनं एकदा विचारलं होतं. तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही.