कोरडी टाकी

गाडी सापडली. तीही कोल्ह्यांच्या फार्मवर.

फौजदाराने फोनवर एवढंच सांगितलं आणि एइलाने तोंडाशी नेलेली राय धान्याची भाकरी ताटलीत परत ठेवली. त्या फार्मचं नाव निघालं की गावात घास घशाखाली उतरत नसे. केसाळ कातड्यासाठी पाळलेले तीनशे कोल्हे, त्यांची विष्ठा आणि त्यांना घालायचा कुजक्या मासळीचा गाळ. कावळेसुद्धा म्हणे त्या छपरावरून सरळ जात नसत, चर्चला वळसा घालून उडत.

एइला तीस वर्षं वाहन-तपासणी कचेरीत होती. ती निवृत्त झाली, पण तिचं नाक झालं नाही; गाडीचं काही निघालं की फौजदार अजून तिलाच बोलावी. सायलेन्सर हुंगून मालक काल कोणती दारू प्यायला ते ती सांगते, अशी ख्याती होती. ती खोटी. किती प्यायला, एवढंच तिला कळायचं.

गाडी होती म्हाताऱ्या आहतीची लाल जावा. ऑक्टोबरात, पहिलं बर्फ पडायच्या आठवड्यात त्याच्या पडवीतून नाहीशी झालेली. आता एप्रिल संपत आला होता.

त्या बर्फाळ मुलखात मोटरसायकली सहा महिने झोपतात आणि त्यांना निजवायचं कसं यावर गावात दोन तट. आहती म्हणे, टाकी गळ्यापर्यंत भरा. आत हवा राहिली की गंज आलाच. मोटरसायकल मंडळाचा अध्यक्ष ओइवा म्हणे, टाकी कोरडी करा. नासलं पेट्रोल म्हणजे यंत्राच्या पोटात विष. या वादापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या आणि एक मयत दुपारपर्यंत खोळंबली होती. निवाडा व्हायचा एक मेच्या जत्रेत. चर्चपुढे गाड्या उभ्या करायच्या आणि पहिल्या किकला जी सुरू होईल तिचा मालक खरा. सहा वर्षं ओळीने आहतीच खरा ठरत होता.

नाकाला रुमाल बांधून एइला फार्मच्या मागच्या कोठीत शिरली. दाराशी तेन्हो उभा होता, फार्मवरचा गडी. बारा वर्षांपूर्वी चोरीची शिक्षा भोगून आलेला. त्याची बॅग मालकीण हिल्काने आधीच पायरीवर आणून ठेवली होती. उन्हाळ्यात त्याची मुलगी त्याच्याकडे राहायला येणार होती. कोर्टाची अट होती की हाताला काम हवं आणि नावावर नवा गुन्हा नको. दोन्ही गोष्टी संध्याकाळपर्यंत बुडणार होत्या.

"कोठीत तू कधी आला होतास?"

"मोडके पिंजरे ठेवायला, सप्टेंबरात. आज छपराचं बर्फ उतरवताना पत्रा फाटला, म्हणून आत आलो. फौजदारांना मीच कळवलं."

"किल्ली कुणाकडे?"

"मालकिणीकडे. मासळी आणणाऱ्यासाठी एक बाहेर खिळ्याला असते."

"मोटरसायकल चालवता येते?"

"सायकलवरून पडतो मी, बाई."

फौजदार हसला. एइला हसली नाही. तिने ताडपत्री काढली. दोन्ही चाकं फळ्यांवर. सायलेन्सरच्या तोंडात तारेचा चोथा घट्ट बसवलेला. तिने टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं. पेट्रोलचा टिपूस नाही, नुसता ऑइलचा वास. जमिनीवर, सीटखाली, कुठेही उंदराची एक लेंडी नाही. बॅटरीची जागा रिकामी.

"बॅटरी विकून खाल्ली असणार," फौजदार म्हणाला.

चॅसीचा नंबर मंडळाच्या वहीत होता, म्हणून ती ओइवाच्या घरी गेली. अंगणात त्याचा मासळीचा ट्रक धुतलेला उभा होता, तरी वास मारत होताच. हात धुवायला म्हणून ती सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या उबदार खोलीत गेली. तिथे साबणाशेजारी दोन बॅटऱ्या फळीवर ठेवलेल्या, पुसून लख्ख. एक सहा बुचांची, एक तीन बुचांची. अंगणात ओइवाची जपानी गाडी एकच.

ओइवाने कॉफी ओतली, दालचिनीचा पाव पुढे केला. तेन्होला नेणार आहेत हे ऐकून तो पाव बुडवत म्हणाला, "चोर तो चोरच, एइला. त्याला काम दिलं तेव्हाच मी हिल्काला बजावलं होतं." एइलाला पावाचीही शिसारी आली.

ती त्याला गाडी ओळखायला म्हणून फार्मवर घेऊन आली. आहतीही आला होता, नाक धरून रडत. मालकीण हिल्का बॅगेजवळ हाताची घडी घालून उभी होती.

एइला टाकीवर टिचकी मारून म्हणाली, "आहती, गाडी गेली तुझी. कुणा अडाण्याने टाकी रिकामी करून ठेवलीय. आतून पार गंजली असणार."

"गंजेल कशी?" ओइवा म्हणाला. "वाटीभर ऑइल घालून घोळवलीय."

ऐकताच फौजदाराने नाकावरचा हात काढला, असं हिल्का अजून सांगते.

एइलाने रुमाल सोडला. "झाकण मी एकटीनेच उघडलं होतं, ओइवा, आणि ऑइलचं कुणाला बोलले नव्हते. आता ऐका. विकायला चोरलेली गाडी थंडीभर इथे राहिली नसती. नुसती लपवायची असती तर तिला फळ्या न् उंदीर शिरू नये म्हणून तारेचा चोथा कशाला? ज्याने हे केलं त्याला गाडी यंदाच्या जत्रेतून गायब हवी होती, पण तिचं वाटोळं करवेना. टाकी कोरडी, म्हणजे आहतीच्या तटाचा तो नव्हे. जागा कोणती निवडली? कोल्ह्यांच्या वासाला उंदीर फिरकत नाहीत. हे मासळी घेऊन इथे रोज येणाऱ्याला ठाऊक, आणि किल्ली खिळ्यालाच. राहिली बॅटरी. इथे थंडीत ती फुटली असती, म्हणून त्याने घरी नेली, स्वतःच्या बॅटरीशेजारी ठेवली. जावाची सहा व्होल्टची, तीन बुचांची. फौजदार, सॉनाच्या फळीवर बघा."

ओइवा खाली बघत राहिला. "मी परत देणारच होतो," तो म्हणाला. "जत्रा झाल्यावर."

"आणि तेन्होला काय परत देणार होतास?"

तो बुटावर चिकटलेला मासळीचा खवला खरवडू लागला.

"पेट्रोल नासेल म्हणून तुझा जीव कासावीस झाला. माणूस नासत होता, तर तू पाव बुडवून खात बसलास." एइला दारात जाऊन थुंकली. तीस वर्षांत तिने गाड्यांखाली काय काय पाहिलं होतं, पण थुंकली नव्हती.

फौजदार त्याला गाडीत बसवू लागला तेव्हा ओइवाने एकच विनवणी केली. एकदा किक मारून बघा, माझ्यादेखत. कुणी जागचं हललं नाही.

तो गेल्यावर हिल्का बॅग उचलायला वाकली. तेन्होने ती तिच्या हातून घेतली. "मी नेतो," म्हणाला, आणि ती पायरीवरच ठेवून उभा राहिला. हिल्का माफीचं काहीतरी पुटपुटली, तेव्हा कुठे आत नेली.

फौजदाराने फळीवरची बॅटरी पाठवून दिली. आहतीने पेट्रोल घातलं आणि किक मारायला तेन्होला सांगितलं.

काय झालं ते त्या चौघांनाच माहीत. दंड भरून ओइवा सुटला आणि अजूनही मासळी उतरवायला फार्मवर येतो. उतरवून झाली की त्या घाणीत उभा राहून विचारतो, "एवढंच सांग, पहिल्या किकला सुरू झाली का?"

तेन्हो कोल्ह्यांना खायला घालतो, मुलीला बादली धरायला सांगतो, आणि काही बोलत नाही.