पाइपाला शिवलेली गवसणी

वीज गेली म्हणून आम्ही सगळे गच्चीवर येऊन बसलो होतो. मी शिकून परतले त्याला महिनाच झाला होता, आणि न्हाणीतल्या गॅस गीझरला धूर बाहेर नेणारा पाइप आधी बसवा, मगच तो पेटवा, असा दुपारपासून आईशी माझा वाद चालला होता. आईचं एकच, "झरोका आहे की गं."

शेजारचे वासुदेवमामा हे सगळं ऐकत होते. काळोखातच ते म्हणाले, "पाइप तर बसवच, पोरी. पण नुसता बसवून भागत नाही. आमच्या जगन्नाथरावानंही बसवला होता."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

जगन्नाथराव शिंपी. माझा दोस्त. त्याच्या दुकानात मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. दोन हजार नऊ साली त्याची लेक तुंगा बाळंतपणाला माहेरी आली. जुन्या घरी पाणी तापवायला चुलाण होतं, धुरानं डोळे जायचे. म्हणून त्यानं इथंच, सरस्वतीपुरमात, मागच्या गल्लीला घर भाड्यानं घेतलं. न्हाणीत गीझर आयता होता. फक्त पाइप नव्हता. बाळंतीण दवाखान्यातून घरी यायच्या आत तो बसायला हवा होता, तेव्हा एका सकाळी जगन्नाथराव गुंडूला बोलवायला गेला.

गुंडू गीझरची कामं करायचा. तो आला, भिंतीला भोक पाडलं, पत्र्याचा पाइप गीझरच्या डोक्यावर बसवला आणि वळण देऊन गल्लीत काढला. काम चोख. पण धूळ उडतेय म्हणून अंबूताई, जगन्नाथरावाची बायको, न्हाणीचं दार लोटायला गेली तर हा धावत बाहेर.

"अय्यो, एवढा दांडगा गडी, आणि दाराला भितोस?"

"सुम्ने, अक्का. असंच. दार उघडं राहू दे."

जाताना त्यानं जगन्नाथरावाला गल्लीत बाजूला घेतलं.

"राव, गेल्या थंडीत ह्या न्हाणीत एक बाई गेली. कमलाक्षी म्हणून, भाडेकरू होती. पाइप नव्हता. धूर आतच कोंडला. दार तोडून बाहेर काढली. हात वर केलेला होता... कडीपासून वीतभर खाली."

"घरमालक तर काही बोलला नाही."

"तो कशाला बोलेल? तुम्ही एवढं करा. पाइपाचं तोंड कधी बंद करू नका. चिमणीनं घरटं बांधलं तर तेही काढा."

जगन्नाथरावानं हे बायकोला सांगितलं नाही. ओली बाळंतीण घरात येणार, तिथं असलं कोण बोलतं?

तुंगा घरी आली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, ही आपल्यातली पद्धत. अंबूताईनं झरोक्यात दुकानातल्या चिंध्या कोंबल्या. दाराच्या फटीला गोणपाट लावलं. आणि मग नवऱ्याला हाक मारली.

"इकडे या, हात धरून बघा. तुमच्या पाइपातून गार वारा येतोय. पोरीच्या कमरेत बसला तर जन्माचं दुखणं."

"अगं, धूर जायला नको का?"

"पाव तासाची आंघोळ. त्यात किती धूर होणार?"

जगन्नाथरावानं विचार केला, ती बाई गेली तेव्हा पाइप नव्हता. आता पाइप आहे. माणूस आपल्याला हवं तसं समजून घेतो. त्यानं टेप आणली, पाइपाचं माप घेतलं, आणि अस्तराच्या कापडाची गवसणी शिवली. नाडी घातलेली, मापात बसणारी. लेकीसाठी झबलं शिवावं तशा मायेनं शिवली. रात्री पाइपाच्या तोंडाला बांधली.

सकाळी तुंगाची आंघोळ झाल्यावर बघतो तर गवसणी पायरीवर पडलेली. नाडी सुटलेली.

"माकडं," अंबूताई म्हणाली.

रात्री परत बांधली. सकाळी परत पायरीवर. पण ह्या खेपेला तिची घडी घातलेली होती. चार पदरी, हातानं दाबून बसवलेली. आणि ती ओलसर होती.

"गल्लीतली पोरं, दुसरं कोण," अंबूताई म्हणाली. पण हळू म्हणाली.

जगन्नाथराव चिडला. त्यानं सुई घेतली, लाल दोरा दुहेरी ओवला आणि गवसणी पाइपाभोवती गच्च शिवून टाकली. टाक्याला टाका लागून. म्हणाला, "आता काढा म्हणावं."

तो दिवस सोळा डिसेंबर. बुधवार. मार्गशीर्षातली अमावास्या, आणि धनुर्मास त्याच दिवशी लागलेला. नळाला सकाळी पाणी आलं नाही, दिवेलागणीला आलं. अंबूताई म्हणाली, "अमावास्या आहे, डोक्यावरून घेऊ नकोस. नुसतं अंग धू." तुंगा आत गेली. कडी लागली. गीझर भस्सकन पेटला. अंबूताई आतल्या खोलीत बाळाला शेगडीजवळ घेऊन बसली. जगन्नाथराव बाहेर पायरीवर.

गल्लीतला दिवा गेलेला होता.

टक्.

बारीक आवाज. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण तो शिंपी. दोरा तुटल्याचा आवाज त्याला झोपेतही कळायचा.

टक्.

तो बॅटरी घेऊन भिंतीच्या कडेनं मागं गेला. उजेड पाइपावर टाकला.

टाका उसवत होता.

दोरा कापडातून बाहेर येत होता. आपोआप. ताठ. कुणीतरी ओढावा तसा. एक टाका... थांबला. मग दुसरा. घाई नव्हती. हात नव्हता. नुसता दोरा.

"कोण आहे?"



मग त्यानं जे केलं ते त्याला पुढं कधी धड सांगता आलं नाही. दर वेळी इथं तो थांबायचा... त्यानं गवसणी दोन्ही हातांनी दाबून धरली.

आणि त्याच्या बोटांवर बोटं आली.

ओली. गार. नुकतंच न्हालेल्या माणसाची.

ओरडता येईना. हात सुटेना. पाइप तापलेला, आणि त्याची बोटं बर्फासारखी. मग पाइपाच्या आतून, खोलातून, कुणीतरी बोललं. बाईचा आवाज. घसा दाटलेला.

"तेगी..."

कानडीत, उघड.

त्यानं हात सोडले. शेवटचा टाका सुटला. गवसणी खाली पडली, आणि आतला कोंडलेला, कडवट धूर त्याच्या तोंडावर आला. डोकं गरगरलं. तेव्हा त्याला कळलं.

"तुंगा!"

आतून फक्त पाणी पडल्याचा आवाज.

तो धावला. दारावर खांदा घातला. दार तोडावं लागलं नाही... नुसतं उघडलं. पोर फरशीवर पडलेली. श्वास होता. तिला उचलून गल्लीत आणलं, उघड्यावर. वारा नको म्हणणारी अंबूताई पदरानं वारा घालत होती, आणि रडत होती.

तुंगा वाचली. तिचा मुलगा यंदा दहावीला आहे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती बापाला म्हणाली, "अण्णा, कडी मी लावली होती. पाय गेले तेव्हा हात वर केला. पोचला नाही. तुम्ही कशी उघडली?"

तो उठला आणि तडक घरी गेला. न्हाणीत शिरला. आतली कडी मागं सरकवलेली होती, उघडी. आणि कडीला दोरा गुंडाळलेला होता. लाल. दुहेरी. टाक्या-टाक्याच्या मुरडी तशाच. गल्लीत उसवलेला दोरा... आतल्या कडीला.

मामांनी गोष्ट इथं संपवली. 

"कार्बन मोनॉक्साइड, मामा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "वास नसतो त्याला. त्यानं डोकं फिरतं, भास होतात. हे लोकांना घरोघरी जाऊन सांगायला हवं."

"सांग की. शिकलीस कशाला मग?" ते म्हणाले. "तुंगाला विषबाधा झाली, डॉक्टरही तेच म्हणाले. ते मी कुठं नाही म्हणतोय?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून हिंगाची जुनी डबी काढली. जगन्नाथराव गेल्या वर्षी गेले. जाताना त्यांनी ती मामांना दिली होती.

"त्यानं किती उन्हाळे ही गच्चीवर ठेवली. झाकण काढून."

आई उठली आणि जिन्यानं खाली गेली. थोड्या वेळानं न्हाणीच्या झरोक्यात कोंबलेला टॉवेल ओढून काढल्याचा आवाज आला.

मामांनी डबी माझ्यापुढं धरली. मोबाइलच्या उजेडात आत लाल दोऱ्याचं वेटोळं दिसलं. भास म्हणजे भास, असं मनाशी म्हणत मी त्यावर बोट ठेवलं.

बोट ओलं झालं.