खिडकीतली सवत

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्या गुलाबाकडे.

"पँटची उंची कमी करायची होती," म्हणत त्याने घडी टेबलावर ठेवली खरी, पण पुढचं सगळं खिडकीतल्या कुंडीशीच बोलल्यासारखं. "ही पानं… अशी कधीपासून आहेत?"

पानांच्या कडांचे गोल-गोल तुकडे गायब होते. मी आधीच वैतागले होते. "कीड लागलीय. संध्याकाळी औषध मारणार आहे."

"नका मारू हो…" तो इतक्या कळवळून म्हणाला, की काजं करत बसलेल्या आत्याने चष्म्यावरून वर पाहिलं. "ही पानकापी माशी. इथलीच आहे, मधमाशीच्याच जातीची, पण एकटी राहते. पोळं नाही, राणी नाही, सगळं स्वतःच करते. गुलाबाला काही होत नाही."

तेवढ्यात ती आलीच. पानाच्या कडेवर बसली, स्वतःभोवती फिरली आणि कापलेला तुकडा पोटाशी धरून चौकटीतल्या जुन्या स्क्रूच्या भोकात शिरली.

"लांबट तुकडे भिंतींना, गोल झाकणाला. खडू नाही, टेप नाही… आणि काय कापते! असा हात मी कुणाचा पाहिला नाही."

मी हातातली कात्री खाली ठेवली. निम्म्या रस्त्याच्या अंगावर मी बेतलेले कपडे आहेत, आणि माझ्याच दुकानात उभं राहून हा माणूस दुसरीच्या कापण्याचं कौतुक करतोय! कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

तो कॉलेजात कीटकांचा विषय शिकवायचा. तास संपले की रोज थोडा वेळ येऊन बघू का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणायच्या आत आत्या हो म्हणाली, आणि त्याचं नाव 'माशीवाला' ठेवून मोकळी झाली.

मग रोजच. खिडकीशी उभा, डोळ्याला भिंग, माझ्याकडे पाठ. ती पाठ मला इतकी पाठ झाली, की न मोजता शर्ट शिवून दिला असता.

"तिच्या पोटाखालचे केस बघा. सगळे पराग त्यात अडकतात. किती सुंदर…"

"केस मलाही आहेत," मी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"मशीनला तेल हवंय म्हटलं."

एके दिवशी मी पिवळा ड्रेस घातला. नवा, खास बेतलेला. तो दारातच थबकला. मी ओढणी सारखी केली. "पिवळा…" तो म्हणाला, "पिवळ्या रंगावर येतात त्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात ती पँट! तीच पँट तो पुन्हा-पुन्हा आणायचा.

"अजून थोडी कमी करा."

"घोटे दिसायला लागलेत."

"दिसू देत."

तिला बघायला यायचं, म्हणून माझ्या गळ्यात पँट. मी चरफडत टीप मारायचे.

"माशीला सवत मानणारी तूच पहिली," आत्या म्हणाली.

"सवत कशी? माझं लग्न कुठे झालंय?"

"तेच म्हणतेय मी."

मग घरमालकाने रंगारी पाठवला. त्याने कालच दार रंगवलं होतं, आज खिडकीची पाळी. पात्यावर पुट्टीचा गोळा घेऊन तो म्हणाला, "हे भोक बुजवतो, ताई."

खोटं कशाला सांगू, मला ते बुजलेलं हवं होतं. एक बोट पुट्टी, की संपली ती. पण मग माशीवाला तरी कशाला येईल? आणि तिने हे सगळं एकटीने केलं होतं. काजं करून द्यायला तिला आत्याही नव्हती. दुसरीच्या कामावर असं पातं फिरवायचं?

"थांबा." मी भोकावर तळहात ठेवला.

"अहो, आहे काय त्यात? पान तर वाळून गेलंय."

मी हात काढला. गोल झाकण नेमकं बसवलेलं, तपकिरी, त्यावर धूळ आणि एक कोळ्याचा धागा. गुलाबाला नवी पालवी आली होती, आणि तिला एकही काप नव्हता. मी इतके दिवस त्याची पाठ बघत होते, खिडकी कुठे बघितली?

मग तो तरी काय बघत होता?

तो आला तेव्हा मी दारातच विचारलं, "ती गेली कधी?"

तो भिंग पुसू लागला. "…पंधरवडा झाला."

"मग रोज काय बघत होता?"

आत्याची सुई थांबली. रंगाऱ्याचा ब्रशही.

"इथे उभ्या राहा," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या जागी उभी राहिले. काचेत माझं मशीन दिसत होतं, टाचण्यांची उशी दिसत होती, आणि माझी रिकामी खुर्ची.

"भिंग नुसतंच धरायचो," तो म्हणाला. "वळून बघायची हिंमत नव्हती."

"आणि पिवळा ड्रेस? तो माशांना आवडतो म्हणे."

"मनात दुसरंच होतं. तोंडात माशी आली."

मला हसू आवरेना. रंगाऱ्याने खाकरून विचारलं, "भोकाचं काय?"

"राहू दे," आम्ही दोघंही म्हणालो.

"आत तिची पिल्लं आहेत," तो म्हणाला. "काही दिवसांनी बाहेर येतील."

"म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच बघणार?"

"तुम्ही शेजारी असलात तर… दोन्हींकडे."

"दोन्हींकडे नाही."

"बरं. आधी तुमच्याकडे."

"मग ही अंगावरची पँट उद्या आणून द्या. पहिल्यासारखी लांब करून देते."

"आता कशी होईल? कापलीत ना?"

"कापते ती तुमची माशी," मी म्हटलं. "मी इंचभरही कापलं नाही. उंची सोडून घ्यायला तरी याल, म्हणून सगळं आत दुमडून ठेवलंय."

त्याने वाकून पायाशी बघितलं, मग माझ्याकडे. समोरून, भिंगाशिवाय.

"तरीच," तो म्हणाला, "ती इतकी जड लागायची."