मुनग्याच्या डहाळ्या

जंगू आत्रामला वाघाने मारले असे पंचनाम्यात लिहिले गेले, आणि भिवरी नदीकाठच्या त्या लहानशा गावाने त्याच्या घराकडे पाठ फिरवली.

"वाघानं नेलेल्याले आमच्यात पितरांत बसवत नाई, बाई," जंगूची बायको मंगली म्हणाली. "पोरानं नदीतून गोटा आणायचा अन् पितरांच्या गोट्यांपाशी ठेवायचा. माझ्या माणसाचा गोटा गाव ठेवू देत नाई. पण त्याले वाघानं नाई मारलं."

रंजीता वाढई पूर्वी विमा कंपनीसाठी मृत्यूंची चौकशी करायची. आता चंद्रपुरात तिचा खासगी तपासाचा स्वतःचा धंदा होता. दीर प्रफुल तिची गाडी चालवायचा आणि वाटेत आपले तर्क ऐकवायचा. ते आजवर एकदाही बरोबर निघाले नव्हते, पण गड्याचा उत्साह काही कमी होत नव्हता.

"कशावरून म्हणता, मावशी?"

मंगलीने आतून जंगूचा दुपट्टा आणला. प्रेत सापडले तेव्हा तो गळ्याला गाठ मारलेला होता. रानडुकरांनी अंग खाल्ले होते, जवळच वाघाचे ठसे होते. दुपट्ट्यावर रक्ताचे डाग होते, पण भोक एकही नव्हते.

प्रफुलचे लक्ष अंगणातल्या मुनग्याकडे, म्हणजे शेवग्याच्या झाडाकडे, गेले. खालच्या डहाळ्या एका बाजूने तुटल्या होत्या. "शेळी लागली वाटते झाडाले."

"आमच्याकडं शेळी नाई, भाऊ. गावात मुनगाबी हा एकच. त्यानंच लावला होता."

नदीतल्या ज्या डोहाशी प्रेत सापडले, तिथपर्यंत वाट दाखवायला गावातला मुखरू आला. त्याचे धानाचे शेत नदीला लागून होते. तिथे डहाळ्यांचा ढीग होता, पळसाच्या, जांभळाच्या.

"अकाली मेलेल्याचं रगत जिथी सांडलं, तिथी जाता-येता हिरवी डहाळी ठेवा लागते," मुखरू म्हणाला. "नाई तर तो भटकत राह्यते."

"तुमचं जंगूशी भांडण होतं म्हणे?"

"होतं ना. तो वनखात्याचा चौकीदार. नदीवर मोटर लावू देत नव्हता. पण डहाळी मीबी ठेवली. तुम्ही नदीच्या वरल्या अंगाले नका जाऊ, बाई. महिना झाला, वाघाच्या भेवानं तिकडं कोणी फिरकत नाई."

रंजीता गेलीच. प्रफुल जीव मुठीत धरून मागे. वळणापलीकडे नदीची कड खरवडलेली होती, रेती उपसलेली. पाणी एका कडेने गढूळ वाहत होते. आणि त्या उजाड जागी डहाळ्यांचा छोटा ढीग होता. खालच्या वाळलेल्या, वरची ताजी. बारीक, गोल पानांची.

"पोरांचा खेळ," प्रफुल म्हणाला. रंजीता वाकून ती पाने निरखत होती.

मोहर्लीच्या रस्त्यावर विक्की ठेकेदार रिसॉर्ट बांधत होता; जवळपास रेती लागणारे काम तेवढेच. "रेती? मॅडम, मी त्या नदीचं तोंड नाई पाह्यलं. ट्रॅक्टर पवन चालवते, जंगूचा पोरगा. त्याले विचारा."

पवन पंचविशीचा, डोळे खोल गेलेला. "मी डांबरी रस्त्यानं येतो-जातो, ताई. नदीकडं जायची हिंमत नाई होत."

संध्याकाळी मुनग्याखाली मंगली, पवन आणि मुखरू बसले होते. प्रफुलने विक्कीचे नाव पक्के करून टाकले होते.

"वाघ मानेला धरतो," रंजीता म्हणाली. "दुपट्टा फाटलेला नाही. म्हणजे वाघ नव्हता. रक्त डोहाशी सांडलं असं गाव समजतं, पण वरच्या अंगाला कोणीतरी पुन्हा पुन्हा डहाळी ठेवतं. खरी जागा त्याला ठाऊक आहे. सगळं गाव वाघाला भिऊन जिथं जात नाही, तिथं तो एकटा जातो, कारण वाघ नव्हता हे तो जाणतो. त्याला भीती आहे ती मेलेला भटकेल याची."

"म्हणजे विक्की!"

"विक्कीला जंगू भटकला काय नि राहिला काय! प्रफुल, शेळी नाही या घरात. त्या डहाळ्या याच मुनग्याच्या आहेत."

पवनने मान खाली घातली.

"ट्रॅक्टर मागं घेत होतो," तो म्हणाला. "बा अडवाले मागं उभा होता. अंधारात मले दिसला नाई. विक्कीभाऊ म्हणे, डोहाशी वाघाचे ठसे हायेत, तिथी ठेवू, कोणाचं नाव येत नाई." तो मंगलीकडे वळला. "गोट्याचं माह्या ध्यानातच नाई आलं, माय."

मुखरू टोपी काढून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच प्रफुलला वाटले, आपला चुकीचा तर्क खरा ठरायला हवा होता.

रंजीताने फोन काढला. मंगलीने तिचा हात धरला.

"पोलिसाले सांगा, बाई. मी नाई म्हणत नाई. पण आधी त्याले गोटा आणू द्या. दुसरा पोरगा नाई मले."

मुखरू उठला. "मी सांगतो गावाले," तो म्हणाला. "वाघ नव्हता. जंगू बसन पितरांत."

उरल्यासुरल्या उजेडात पवन नदीत उतरला. गुडघाभर पाण्यात वाकून तो एकेक गोटा चाचपत होता. एक उचलून त्याने आईला दाखवला.

"तो नको, फुटका हाय," काठावरून मंगली म्हणाली. "दुसरा पाह्य."